विश्लेषण : गोळी कंत्राटदाराची, जबाबदारी कोणाची? निसूर चौक ते वॅग्नर… खासगी सैन्य कायद्याच्या कचाट्यातून सुटते कसे?

बगदादच्या निसूर चौकात १६ सप्टेंबर २००७ रोजी ‘ब्लॅकवॉटर’ या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात, इराक सरकारच्या म्हणण्यानुसार, १७ नागरिकांचा मृत्यू झाला. त्यानंतर खटला उभा राहिला, रद्द झाला, पुन्हा उभा राहिला. शिक्षा झाली, मग ती कमी झाली आणि अखेर १३ वर्षांनी राष्ट्राध्यक्षांच्या एका सहीने सगळे आरोपी सुटले. या संपूर्ण काळात गोळीबाराच्या गुन्ह्यासाठी कंपनी एकदाही आरोपी झाली नाही. युद्धातील कामे कंत्राटावर देण्याची पद्धत आता अमेरिकेपुरती राहिलेली नाही. त्यामुळे निसूर चौकाचे प्रकरण कुठे आणि कसे फसले, हे आजही पाहण्यासारखे आहे.

निसूर चौकात काय घडले?

त्या दिवशी दुपारी बगदादमध्ये एका अमेरिकी अधिकाऱ्याची बैठक सुरू असलेल्या ठिकाणाजवळ कारबॉम्बचा स्फोट झाला. अधिकाऱ्याच्या परतीच्या मार्गासाठी ब्लॅकवॉटरचे ‘रेव्हन २३’ हे पथक चार चिलखती गाड्या आणि १९ माणसे घेऊन बाहेर पडले. या पथकाला ग्रीन झोन या संरक्षित भागातच थांबण्याचा आदेश होता, हे पुढे खटल्यात समोर आले. आदेश डावलून पथक चौकात आले आणि त्याने वाहतूक अडवली.

पहिल्या गोळ्या एका पांढऱ्या किया मोटारीवर झाडल्या गेल्या. तिच्यात वैद्यकीय शिक्षण घेणारा तरुण आणि त्याची डॉक्टर आई होती. दोघेही ठार झाले. नंतर मशीनगन, स्नायपर रायफल आणि ग्रेनेड लाँचर वापरले गेले. वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलेला नऊ वर्षांचा मुलगाही मृतांमध्ये होता. आपल्यावर आधी हल्ला झाला, ती मोटार म्हणजे चालता बॉम्ब असल्याचे वाटले, असा बचाव रक्षकांनी केला. मात्र १७ पैकी किमान १४ जणांना मारण्याचे काहीही समर्थन होऊ शकत नाही, असा निष्कर्ष एफबीआयच्या तपासकर्त्यांनी काढल्याचे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झाले.

इराकने संतापून ब्लॅकवॉटरचा परवाना रद्द करत असल्याचे जाहीर केले. चारच दिवसांत कंपनीचे ताफे पुन्हा बगदादच्या रस्त्यांवर दिसू लागले. कारण सरळ होते. या रक्षकांशिवाय अमेरिकी राजनैतिक अधिकाऱ्यांना दूतावासाबाहेर पाऊल टाकता येत नव्हते.

इराकच्या न्यायालयात खटला का चालला नाही?

तसे करण्याचा अधिकारच इराककडे ठेवलेला नव्हता. अमेरिकेने नेमलेले इराकचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी २७ जून २००४ रोजी ‘आदेश क्रमांक १७’च्या सुधारित मसुद्यावर सही केली. कंत्राटाच्या कामात केलेल्या कृत्यांबद्दल परदेशी कंत्राटदारांवर इराकी कायद्यानुसार कारवाई करता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. तारीख लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्याच दिवशी, २८ जूनला, सत्ता इराकी सरकारकडे सोपवली गेली. म्हणजे घराच्या किल्ल्या देताना एका खोलीचे कुलूप मात्र जुन्या मालकाने आपल्याकडेच ठेवले. हे संरक्षण १ जानेवारी २००९ पासून लागू झालेल्या अमेरिका-इराक करारानंतर संपले.

या आदेशाचा परिणाम निसूर चौकाआधीच दिसला होता. २४ डिसेंबर २००६ च्या रात्री ब्लॅकवॉटरच्या एका मद्यधुंद कर्मचाऱ्याने ग्रीन झोनमध्ये इराकच्या उपराष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकाला गोळी घालून ठार केले. कंपनीने त्याला नोकरीवरून काढले आणि लगेच विमानाने देशाबाहेर पाठवले. अमेरिकी काँग्रेसच्या समितीच्या टिपणानुसार, मृताच्या कुटुंबाला किती पैसे द्यायचे याची चर्चा अडीच लाख डॉलरपासून सुरू झाली आणि १५ हजार डॉलरवर येऊन थांबली. रक्कम फार मोठी ठेवली तर इराकी मुद्दाम गोळ्या खायला पुढे येतील, अशी भीती या चर्चेत व्यक्त झाली होती. तो कर्मचारी काही महिन्यांतच दुसऱ्या कंत्राटी कंपनीकडून कुवेतमध्ये कामाला लागला. त्याच्यावर खटला भरलाच गेला नाही.

अमेरिकेचे कायदे काय करत होते?

परदेशात लष्करासोबत काम करणाऱ्या नागरिकांवर अमेरिकेत खटला चालवता यावा, यासाठी २००० साली कायदा झाला होता. पण तो फक्त संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांना लागू होता. ही फट अबू घरैब तुरुंगातील छळाची छायाचित्रे २००४ मध्ये जगासमोर आली तेव्हा उघडी पडली. तिथे कैद्यांची चौकशी करणारे काही जण सीएसीआय या खासगी कंपनीचे होते आणि त्यांचे कंत्राट अमेरिकेच्या ‘डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियर’ या खात्यामार्फत दिलेले होते. नावावरून हे आपल्याकडच्या गृह खात्यासारखे वाटेल, पण प्रत्यक्षात ते सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्याने सांभाळते. त्यातही कागदोपत्री कंत्राट होते माहिती तंत्रज्ञान सेवांचे! सर्व्हर आणि सॉफ्टवेअरच्या शीर्षकाखाली तुरुंगात चौकशी करणारी माणसे पुरवली गेली.

त्यानंतर कायद्यात दुरुस्ती झाली, ती अर्धवट. इतर खात्यांचे कंत्राटदारही आता कक्षेत आले, पण त्यांचे काम ‘संरक्षण खात्याच्या मोहिमेला साह्य’ करणारे असेल तरच. ब्लॅकवॉटरचे कंत्राट परराष्ट्र खात्याचे होते. आम्ही लष्कराचे नव्हे तर मुत्सद्द्यांचे रक्षक, त्यामुळे हा कायदा आम्हाला लागूच नाही, हा युक्तिवाद आरोपींच्या वकिलांनी थेट २०१७ पर्यंत ताणला. अपील न्यायालयाने तो फेटाळला. मात्र सर्व खात्यांच्या कंत्राटदारांना एकाच कायद्याखाली आणणारे विधेयक काँग्रेसमध्ये अनेकदा मांडूनही मंजूर झालेले नाही.

मग खटला इतका का रेंगाळला?

याचे बीज घटनेनंतरच्या पहिल्या काही तासांत आहे. रक्षकांचे पहिले जबाब घेतले ते परराष्ट्र खात्याच्या राजनैतिक सुरक्षा विभागाने. ब्लॅकवॉटरच्या कामावर देखरेख ठेवणारा विभागही हाच. म्हणजे ज्याने कंत्राट दिले, त्यानेच पंचनामा केला. शिवाय हे जबाब फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरले जाणार नाहीत, असे आश्वासन रक्षकांना देण्यात आले. अमेरिकी राज्यघटनेनुसार कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. नोकरी जाण्याच्या धाकाने घेतलेला जबाब म्हणजे अशीच सक्ती, असे तिथली न्यायालये मानतात.

डिसेंबर २००८ मध्ये पाच रक्षकांवर आरोप ठेवले गेले. सहाव्याने गुन्हा कबूल केला. वर्षभरानंतर, ३१ डिसेंबर २००९ रोजी, सरकारी वकिलांनी ते संरक्षित जबाब वापरले या कारणावरून न्यायाधीश रिकार्डो उर्बिना यांनी खटलाच रद्द केला. एप्रिल २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो पुन्हा जिवंत केला. पुढे एका आरोपीवरील आरोप मागे घेण्यात आले.

उरलेल्या चौघांविरुद्ध २०१४ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुनावणी झाली तेव्हा सुमारे ३० इराकी साक्षीदार विमानाने तिथे आले. जखमी आले, मृतांचे नातेवाईक आले, वाहतूक पोलीस आले. ज्या देशाच्या रक्षकांनी गोळ्या झाडल्या, त्याच देशाच्या न्यायालयात सात वर्षांनी उभे राहून या लोकांनी साक्ष दिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये ज्युरीने चौघांनाही दोषी ठरवले. एकाला जन्मठेप झाली, तिघांना प्रत्येकी ३० वर्षे.

इथे आणखी एक विचित्र वळण आहे. गुन्ह्यात मशीनगन वापरल्यास किमान ३० वर्षांची शिक्षा, हा अमेरिकी कायदा. पण या रक्षकांच्या हातात मशीनगन सरकारच्या कामासाठीच दिलेली होती. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ही शिक्षा अवाजवी ठरवली आणि जन्मठेपेचा निकालही रद्द करून त्या आरोपीची स्वतंत्र सुनावणी घेण्यास सांगितले. २०१९ मध्ये त्याला पुन्हा जन्मठेप झाली. बाकी तिघांची शिक्षा १५ वर्षे, १४ वर्षे आणि साडेबारा वर्षांहून थोडी जास्त, अशी ठरली.

२२ डिसेंबर २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चौघांनाही पूर्ण माफी दिली. ही माफी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय कायद्याखालील बांधिलकीचा भंग करणारी आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने आठवडाभरात जाहीर केले. त्याने काही बदलले नाही. अमेरिकी राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षांना दिलेला माफीचा अधिकार कोणत्याही न्यायालयाला तपासता येत नाही.

ब्लॅकवॉटरचे काय झाले?

कंपनीचा धंदा नावे बदलत चालू राहिला. २००९ मध्ये ती ‘झी’ झाली, २०११ मध्ये ‘अकॅडेमी’ आणि २०१४ मध्ये ‘कॉन्स्टेलिस’ या समूहात विलीन झाली. काही पीडितांनी भरलेले दिवाणी दावे २०१० मध्ये तडजोडीने मिटवण्यात आले.

काँग्रेसच्या समितीने ऑक्टोबर २००७ मध्ये मांडलेले आकडे पाहता निसूर चौक हा अपघात म्हणता येत नाही. २००५ पासून ब्लॅकवॉटरच्या १९५ गोळीबाराच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यातील ८० टक्क्यांहून अधिक घटनांत पहिली गोळी कंपनीच्या माणसाची होती. एका रक्षकासाठी सरकार कंपनीला दिवसाला १,२२२ डॉलर मोजत होते. तशाच कामासाठी सैनिकावर होणाऱ्या खर्चाच्या हे सहापट. अशी वागणूक वर्षानुवर्षे चालू राहते तेव्हा तिचा हिशेब केवळ ट्रिगर दाबणाऱ्या बोटाकडे मागून पुरत नाही. प्रशिक्षण कोणी दिले, आधीच्या घटनांचे अहवाल कोणी वाचले, कंत्राट कोणी वाढवून दिले, हे प्रश्न फौजदारी न्यायालयात विचारलेच गेले नाहीत.

शिक्षा करण्याची ताकद सरकारकडे नव्हती, असेही नाही. शस्त्रे आणि लष्करी तंत्रज्ञानाच्या निर्यातीचे नियम मोडल्याबद्दल याच कंपनीने २०१० मध्ये ४ कोटी २० लाख डॉलर आणि २०१२ मध्ये आणखी ७५ लाख डॉलर भरण्याचे मान्य केले. परवान्याच्या कागदांसाठी कंपनी जबाबदार आणि चौकातल्या मृतदेहांसाठी फक्त कर्मचारी, असा या हिशेबाचा अर्थ होतो.

आपल्याकडे रस्त्याच्या कंत्राटातही दोषदायित्व कालावधी असतो. खड्डा पडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. पूल कोसळला तर ठेकेदार, सल्लागार आणि अभियंता यांच्या सह्या कागदावर सापडतात. कारवाई होते की नाही हा पुढचा भाग, पण नावे तरी सापडतात. सशस्त्र माणसे पुरवण्याच्या कंत्राटात गोळी चुकली तर कोणत्या देशाचे न्यायालय, तपास कोणाचा आणि कंपनीचे दायित्व किती, हे करारावर सही होतानाच ठरलेले हवे. निसूर चौकात या तिन्ही गोष्टी माणसे मेल्यानंतर शोधायला लागल्या.

अबू घरैबचा निकाल वेगळा कसा?

अबू घरैबच्या छळासाठी अमेरिकेच्या ११ सैनिकांना लष्करी न्यायालयांनी दोषी ठरवले. तिथल्या एकाही खासगी कंत्राटदारावर मात्र फौजदारी खटला झाला नाही. शेवटी दार उघडले ते दिवाणी दाव्याने. एक शाळेचे मुख्याध्यापक, एक फळविक्रेता आणि एक पत्रकार अशा तिघा इराकींनी सीएसीआयविरुद्ध २००८ मध्ये दावा दाखल केला. तो निकालात काढण्यासाठी कंपनीने एकामागून एक अर्ज केले. आमची माणसे प्रत्यक्षात लष्कराच्या हुकमतीखाली होती, त्यामुळे जबाबदारी लष्कराची, हा तिचा मुख्य बचाव. आणि लष्करावर, म्हणजे अमेरिकी सरकारवर, असा दावा चालत नाही! २०२४ च्या उन्हाळ्यापूर्वी झालेल्या पहिल्या सुनावणीत ज्युरीचे एकमत झाले नाही.

फेरसुनावणीत, १२ नोव्हेंबर २०२४ रोजी, व्हर्जिनियातील ज्युरीने कंपनीला जबाबदार धरले आणि तिघांना मिळून ४ कोटी २० लाख डॉलर देण्याचा निकाल दिला. आकडा योगायोगाने ब्लॅकवॉटरच्या निर्यात दंडाएवढाच आहे. कंपनीने अपिलाचा मार्ग धरला. तरीही १६ वर्षांनंतर का होईना, या प्रकरणात प्रथमच कर्मचाऱ्याऐवजी कंपनीचे नाव निकालपत्रात आले. राष्ट्राध्यक्षांच्या माफीने असा दिवाणी निकाल पुसला जात नाही, हे त्याचे आणखी एक महत्त्व. मात्र इतकी वर्षे वकील पाठीशी उभे राहणे किती युद्धपीडितांच्या नशिबी असते?

वॅग्नरचे प्रकरण याहून गंभीर का?

अमेरिकेत किमान कंत्राट होते, संसदीय समिती होती, खटला होता. रशियात भाडोत्री सैनिक होणे हा दंड संहितेच्या कलम ३५९ नुसार गुन्हा आहे. म्हणूनच युक्रेन, सीरिया आणि आफ्रिकेत लढणाऱ्या वॅग्नर गटाशी आपला संबंध नाही, असे रशियन सरकार वर्षानुवर्षे सांगत राहिले. जून २०२३ मध्ये येवगेनी प्रिगोझिन यांनी बंड केले आणि ते शमल्यावर तीनच दिवसांनी व्लादिमिर पुतिन यांनी वॅग्नरचा पूर्ण खर्च सरकारच करत होते, असे सांगून टाकले. मे २०२२ ते मे २०२३ या एका वर्षाचा आकडा त्यांनी दिला, ८६ अब्ज रुबलहून अधिक. ऑगस्टमध्ये प्रिगोझिन विमान दुर्घटनेत मरण पावले.

मालीतील मौरा गावात मार्च २०२२ मध्ये किमान ५०० जण मारले गेल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने मे २०२३ मध्ये म्हटले. मालीच्या सैनिकांसोबत तिथे ‘परदेशी लष्करी कर्मचारी’ होते, असे अहवाल सांगतो. हे वॅग्नरचे लोक होते, असे पाश्चात्त्य देशांचे म्हणणे आहे. वॅग्नरने युक्रेनच्या आघाडीसाठी तुरुंगातील कैदीही भरती केले. सहा महिने लढा आणि माफी घ्या, असा सौदा होता. निसूर चौकाच्या खटल्यात माफी सर्वांत शेवटी आली. इथे ती भरतीच्या अटींतच होती.

आंतरराष्ट्रीय कायदा कुठे आहे?

आहे, पण तोकडा. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये भाडोत्री सैनिकाची व्याख्या आहे. तिच्यात सहा अटी असून त्या सगळ्या एकाच वेळी लागू व्हाव्या लागतात. युद्धातील एका पक्षाचा नागरिक असेल तर तो भाडोत्री सैनिक ठरतच नाही. त्यामुळे इराकमधला अमेरिकी रक्षक किंवा युक्रेनमधला रशियन वॅग्नर सैनिक या व्याख्येबाहेरच राहतो. भाडोत्री सैनिकांविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा करार २००१ मध्ये लागू झाला, पण अमेरिका, रशिया, ब्रिटन आणि भारत त्यात नाहीत.

निसूर चौकाला वर्ष होत असताना, सप्टेंबर २००८ मध्ये, १७ देशांनी स्वित्झर्लंडमधील माँट्रो येथे एक दस्तऐवज मान्य केला. कंत्राट देणारा देश, कंपनीची नोंदणी असलेला देश आणि जिथे काम चालते तो देश, या तिघांच्या जबाबदाऱ्या त्यात वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. मांडणी उत्तम आहे. पण ती बंधनकारक नाही.

भारताचा यात काय संबंध?

इराक युद्धात २००८ च्या सुमारास अमेरिकी कंत्राटी मनुष्यबळ दीड लाखांवर गेले होते. त्यातले बहुसंख्य हातात बंदूक नसलेले, स्वयंपाकी, चालक, सफाई कामगार होते आणि त्यात दक्षिण आशियातील मजूरही होते. कंत्राट, उपकंत्राट, त्याखाली भरती एजंट अशी ही उतरंड असते. मजुराला काही झाले तर भरपाई कोणाकडे मागायची, हे त्याच्या घरच्यांना कळतही नाही.

बंदूकधारी रक्षकांचा अनुभव भारताने समुद्रात घेतला. चाच्यांपासून व्यापारी जहाजांचे रक्षण करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीचे ‘सीमन गार्ड ओहायो’ हे जहाज ऑक्टोबर २०१३ मध्ये तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ पकडले गेले. जहाजावर शस्त्रे होती आणि ब्रिटिश, एस्टोनियन, युक्रेनी व भारतीय मिळून ३५ जण होते. जानेवारी २०१६ मध्ये सर्वांना पाच वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मधली वर्षे परदेशात अडकून पडले ते रक्षक आणि खलाशी. कंपनीचे मालक नव्हे.

रशियन सैन्यात ओढल्या गेलेल्या भारतीय तरुणांची गोष्ट तांत्रिकदृष्ट्या वेगळी आहे, कारण ते खासगी कंपनीत नव्हे तर सरकारी सैन्यात भरती झाले. पण तिथवर नेणारी साखळी खासगी होती. ‘हेल्पर’ची नोकरी, चांगला पगार असे सांगून एजंटांनी त्यांना पाठवले आणि न समजणाऱ्या भाषेतील करारावर त्यांच्या सह्या घेतल्या गेल्या. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने मुंबईसह सात शहरांत छापे घातले. जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार अशा १२६ भारतीयांपैकी १२ जणांचा मृत्यू झाला होता, तर १६ जण बेपत्ता होते.

भारताकडे खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. सोसायटीच्या फाटकावरचा रक्षक पुरवणाऱ्या कंपनीला त्याच कायद्याखाली परवाना लागतो. परदेशात सुरक्षा सेवा द्यायची असेल तर राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करूनच परवानगी द्यावी, असे त्याच्या चौथ्या कलमात म्हटले आहे. परवानगीनंतर परदेशात त्या रक्षकाने गोळी झाडली किंवा त्यालाच गोळी लागली, तर कंपनीचे दायित्व काय, याबद्दल या कलमात काही नाही.